शासनमान्य सार्वजनिक वाचनालय हे सरकारी असते का, आणि सभासद नसलेल्यास तेथे बसून वाचता येते का?

शासनमान्य वाचनालय बहुधा सरकारी नसते, आणि सभासद नसलात तरी त्याच्या मुक्तद्वार विभागात बसून वर्तमानपत्रे व नियतकालिके वाचण्यास सहसा कोणाची हरकत नसते. ते सरकारी नसण्याचे कारण महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1967 च्या रचनेत आहे: या कायद्याने नागरिकांवर ग्रंथालय-कर बसवला नाही, तर स्थानिक नोंदणीकृत संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून, त्या वर्गानुसार शासनाने अनुदान द्यावे, असा मार्ग स्वीकारला. तो स्वाभाविकही होता, कारण नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (1840) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) यांसारख्या संस्था या कायद्याच्या कितीतरी आधी लोकांनीच उभ्या केल्या होत्या. म्हणूनच कारभार निवडून आलेले कार्यकारी मंडळ पाहते. राज्य शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाकडे मान्यता, तपासणी आणि अनुदान एवढेच राहते. पुस्तक घरी न्यायचे असेल, तर मात्र अनामत रक्कम आणि वर्गणी भरावी लागते. ती प्रत्येक संस्थेची वेगळी असते व बहुधा माफक असते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी अनेक ठिकाणी स्वतंत्र शुल्क आकारतात, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे. अर्थात, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि जिल्ह्यांतील शासकीय ग्रंथालये ही खरोखरच सरकारी असून त्यांचे सभासदत्वाचे नियम शासन ठरवते.