अक्षौहिणी: २,१८,७०० हा आकडा आला कुठून?

प्रश्न असा होता की महाभारतातल्या सैन्याच्या सगळ्यात मोठ्या तुकडीचं नाव अक्षौहिणी बरोबर की अक्षोहिणी, आणि तिचा २,१८,७०० असा अडनिडा आकडा का, सरळ दोन लाख का नाही.

आधी शुद्धलेखन. अक्षौहिणीच. अक्ष अधिक ऊहिनी, म्हणजे सूर्य अधिक उदय सूर्योदय तसं इथे अक्षोहिणी व्हायला हवं होतं, पण संस्कृत व्याकरणात हा शब्द अपवाद म्हणून वेगळा सांगितलाय, प्र अधिक ऊढ प्रौढ होतं तसाच.

आता आकडा, आणि हा मला फार म्हणजे फारच आवडतो. महाभारताच्या आदिपर्वात सगळा हिशोब दिलाय. सगळ्यात छोटी तुकडी पत्ती, त्यात १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ, झाले १०. तीन पत्तींचं सेनामुख, मग प्रत्येक वेळी तिप्पट करत जायचं, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, आणि शेवटी १० अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे तिप्पट किती वेळा झाली? सात. तीनचा सातवा घात २१८७, आणि तोच आकडा तुम्हाला २,१८,७०० मध्ये दिसतोय, पुढचे दोन शून्य म्हणजे एक दहा पत्तीचा आणि एक दहा अनीकिनींचा. वरून कोणी मोठी संख्या ठरवलेली नाहीये, खालून मोजत गेलं की ती आपोआप तिथे पोचते, म्हणून ती गोल नाही.

रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. यातल्या कुठल्याही आकड्याचे अंक मिळवून बघा, १८ येतात, एकूण बेरजेचेही १८. नऊने भाग जातो म्हणून बेरीज नऊच्या पटीत येणारच, पण सगळीकडे नेमकी १८ यावी हा योगायोग, आणि कौरवांच्या ११ नि पांडवांच्या ७ मिळून अक्षौहिणी पण १८च! (त्या अठराचा एकूण आकडा ३९,३६,६००, त्याच्या अंकांची बेरीज मात्र २७.)

एक गोष्ट खटकते, बरेच जण "अक्षौहिणी म्हणजे २,१८,७०० सैनिक" असं लिहितात. तसं नाहीये, या बेरजेत रथ, हत्ती, घोडे पण एकेक धरलेत, पायी लढणारे निम्मेच.

आणि यातले शब्द आपण रोज वापरतो की. टीव्हीची वाहिनी हिशोबाने ८१ पत्तींची, म्हणजे ८१०. पंचायत समितीचा गण २७० चा. आणि पेपरात "डॉक्टरांची चमू दाखल" येतं ना, ती चमू मुळात ७,२९० ची.