दुबईतून जर्मनीचा व्हिसा काढताना

तुम्ही विचारलंय, नोकरी दुबईत, घर पुण्यात, ऑफर जर्मनीची. तर व्हिसाचा अर्ज दुबईतूनच करावा की राजीनामा देऊन पुण्याला येऊन? शिवाय मुलगी तिसरीत आहे, तिच्या शाळेचं काय? २०१७ साली मी याच पेचात होते, त्यामुळे तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना.

अर्ज दुबईतूनच करा. जिथला राहण्याचा परवाना तुमच्याकडे आहे, तिथेच अर्ज करायचा असतो. ब्लू कार्डच्या, म्हणजे पदवीधरांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्याच्या, पगाराची अट, फॉर्म, फी हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे, ते परत सांगत नाही. फक्त जर्मनीचा व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत राजीनामा देऊ नका. दुबईतला परवाना नोकरीवर असतो आणि घरच्यांचा तुमच्यावर. तुमचा गेला की सगळ्यांचा गेला.

आता साइटवर नसलेलं सांगते. आपण दुबईत असतो, जायचं असतं जर्मनीला, आणि कागद सगळे पुण्यात असतात.

माझ्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे. २०१४ मध्ये नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे नंतर मागवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर नवं नाव आलं. कागद तपासणाऱ्या बाईंना ही दोन वेगळी विद्यापीठं वाटली. ते एक वेळ समजावता आलं. माझं नाव मात्र समजावता येईना. मार्कशीटवर आधी आडनाव, मग मी, मग बाबा. पासपोर्टवर मी, मग नवरा, मग सासरचं आडनाव. आपल्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. मला त्या खिडकीवर सरळ विचारलं गेलं, मार्कशीटवरची ही बाई कोण? लग्नाचा दाखला पुढे केला, तर त्यात माहेरचं दीक्षित इंग्रजीत ‘एक्स’ घालून आणि मार्कशीटवर ‘केएसएच’ घालून. अर्ज परत. राजपत्रात नावबदल छापून घ्यायचा कंटाळा मी लग्नानंतर बारा वर्षं केला होता, तो त्या दिवशी नडला. तुमच्या मिसेसचे कागद आजच समोर ठेवून एकेक अक्षर जुळवून बघा.

आणि एजंट ॲपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. भारत ॲपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला, पण जर्मनीने हरकत घेतली, म्हणून आपल्या कागदावरचं ॲपॉस्टिल तिथे धरत नाहीत. दुबईसाठी पदवीच्या पाठीवर मंत्रालयापासून अमिरातीच्या वकिलातीपर्यंत जे शिक्के घेतले असतील, त्यांचाही जर्मनीसाठी उपयोग नाही.

मुलीचं. तुम्ही कुठल्या राज्यात जाताय ते लिहिलं नाहीत, आणि शाळेच्या बाबतीत सगळं त्यावरच आहे. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. आम्ही बव्हेरियात आलो, तिथे चौथीतच फाटा फुटतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे कमी (इथे १ सगळ्यात चांगला), असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि ते प्रगतिपुस्तक मे महिन्यात हातात पडतं. माझी मुलगी सप्टेंबरात थेट चौथीत बसली. म्हणजे परकी भाषा शिकायला आठ महिने. दुबईच्या शाळेत गणितात ती वर्गाच्या पुढे होती. इथल्या एका पेपरात अंड्यांचं उदाहरण होतं, त्यात ‘डुट्सेंड’ असा शब्द होता. डझन. हापूसचा भाव डझनावर बोलणाऱ्या घरातली पोर ती, तिनं ती ओळ कोरी सोडली. तो पेपर अजून माझ्या कपाटात आहे. ती गेली मिटलशूलला, म्हणजे कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणाऱ्या शाळेत. आता वळसा घालून, फाखओबरशूल नावाच्या वरच्या वर्गांच्या शाळेतून पुढे चाललीय, मजेत आहे. पण उशिरा आलेल्या परभाषिक मुलांसाठी त्या अटीत सवलत मागता येते, हे मला दोन वर्षांनी कळलं. शाळेनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शाळेला मी माफ केलंय. माझं मला अजून जमत नाही. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारा, आणि लेखी विचारा.

एकटं वाटतं का, तर हो, नोव्हेंबरात चार वाजता दिवे लागतात तेव्हा वाटतं. गणपतीत माणसं भेटतात. निभतं.

मला खरं तर सांगायचंय ते वेगळंच. परत आलेला तो अर्ज दुरुस्त कुणी केला? बाबांनी. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. मी दुबईत रजा वाचवत होते, आणि ते माझं अधिकारपत्र घेऊन सहकारनगरहून स्वारगेट, तिथून दुसरी बस धरून गणेशखिंडीला जात. दाखल्यातल्या त्या एका अक्षरासाठी एका कचेरीत पाच खेपा झाल्या. शंभराचा स्टॅम्प पेपर, नोटरी, पुन्हा झेरॉक्स. रोज रात्री फोन यायचा, आज काय झालं, उद्या कुणाला भेटायचं. लग्नानंतर आम्ही रोज बोललो असे तेच सात महिने. ज्या मार्कशीटवर माझ्या नावापुढे त्यांचं नाव आहे, ती खरी ठरवायला ते हिंडत होते, आणि ती खरी ठरली की मी आणखी लांब जाणार होते. हे त्यांना ठाऊक होतं. मला ते जर्मनीत सामान लावताना लक्षात आलं, त्यांनी पाठवलेली निळी फाइल उघडली तेव्हा. प्रत्येक कागदाला टाचणीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख, खिडकीचा नंबर, आणि एकीवर ‘साहेब जेवायला जातात १ ते २, आधी गाठणे’.

म्हणून सांगते, पंधरा दिवसांची रजा काढा आणि स्वतः पुण्याला जा. वडिलांना बरोबर न्या हवं तर, पण रांगेत तुम्ही उभे राहा.

व्हिसा झाल्यावर आमचे फोन आठवड्यावर आले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक फोनच्या शेवटी अजून विचारतात, “इकडून काही कागद हवाय का?”