प्रार्थना कोरडी झाली म्हणजे विश्वास संपला का?

ख्रिस्ती कुटुंबांतून समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडी एक प्रश्न वारंवार असतो. प्रार्थनेला बसले तरी मन लागत नाही, पवित्र शास्त्र उघडले तरी ओळींवरून नुसती नजर फिरते, मग माझा विश्वास उरला आहे की नाही? अशाच एका ताईंची हकीकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडतो.

ताई पन्नाशीच्या होत्या आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा दीर्घ काळ एकट्याने करत होत्या. “उपासनेत ओठ हलतात, पण आत काहीच नसते,” असे त्या म्हणाल्या. चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी त्यांना, न कबूल केलेले एखादे पाप असेल, ते शोधा, असे सुचवले होते. तेव्हापासून ताई रोज रात्री स्वतःचीच उलटतपासणी घेत होत्या. दमलेल्या माणसाला दिलेला हा सल्ला हेतूने चांगला असला, तरी परिणामाने क्रूर असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी विश्वासाविषयी न बोलता आधी झोपेविषयी विचारले. आईला कुशीवर वळवण्यासाठी त्या रात्रीतून अनेकदा उठत. सलग झोप अशी नव्हतीच. तेव्हा मी त्यांना पवित्र शास्त्रातल्या पहिल्या राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचायला सांगितला. आधीच्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना हरवणारा देवाचा संदेष्टा एलीया येथे रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही, पापही शोधायला लावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी असते. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो आणि पुन्हा खातो. होरेब डोंगराचा प्रवास आणि देवाशी संवाद हे सारे त्यानंतरचे आहे. ताईंनी तो भाग दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “सर, हे मला पाठ होते, पण झोपेकडे माझे लक्षच गेले नव्हते.”

पुढच्या भेटींत आम्ही स्तोत्रसंहितेकडे, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रांच्या पुस्तकाकडे, वळलो. देवापुढे केवळ उपकारस्तुतीच आणावी, अशी ताईंची समजूत होती. प्रत्यक्षात १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. तरीही ते म्हणणारा आरंभी देवाला आपला तारणारा म्हणतो आणि रात्रंदिवस त्यालाच हाक मारतो. विश्वास पूर्ण संपलेला माणूस तक्रार तरी कोणाकडे करेल? मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातला आजारी मुलाचा बापही, मी विश्वास धरतो, पण माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा, असे एका दमात म्हणतो, आणि येशू आधी शंका फेडून ये असे न सांगता मुलाला बरे करतो.

एवढे झाल्यावर मी त्यांना लांब प्रार्थनेचा आग्रह सोडायला सांगितले. दिवसातून एकच वाक्य, पण खरे असेल ते, देवाला सांगायचे. त्यांचे पहिले वाक्य होते, “प्रभू, मला आईचा राग येतो.” ते उच्चारताना त्या फार घाबरल्या होत्या. पाळकांशीही त्या मोकळेपणाने बोलल्या. मंडळीतल्या दोघीजणी आता आठवड्यातून ठरलेल्या रात्री आईजवळ थांबतात आणि भावानेही शनिवारची रात्र आपल्याकडे घेतली आहे.

मी त्यांना डॉक्टरांकडेही पाठवले. सततची उदासी, भूक मंदावणे आणि कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यांवर उपचार घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे. पूर्वीचा उमाळा परतला का, असे मी शेवटच्या भेटीत विचारले. अजून नाही, असे त्या म्हणाल्या. उलटतपासणी मात्र थांबली आहे, आणि उपासनेत गाता आले नाही तर त्या आता नुसत्या बसून ऐकतात.