कामाशी इमान की कामावर श्रद्धा?

प्रश्न असा आलाय की रोजचं साधंसुधं काम करता करता माणसाला त्यात श्रद्धेसारखं काहीतरी सापडतं, काम मीनिंगफुल वाटायला लागतं, तर त्याला मराठीत "अर्थपूर्ण काम" म्हणायचं का, आणि "कामावर श्रद्धा", "कामावर निष्ठा", "कामाशी इमान" यातलं नेमकं कुठलं.

आधी "अर्थपूर्ण"चा निकाल लावू. व्याकरणात चूक काहीच नाही, पण पेपर वाचणाऱ्या माणसाला हा शब्द सरळ ऐकूच येत नाही, "अधिकारी आणि ठेकेदारात अर्थपूर्ण चर्चा झाली" म्हटलं की पाकीटच दिसतं. अर्थ म्हणजे मतलब पण आणि पैसा पण, अर्थसंकल्पातला अर्थ तोच. तेव्हा "मी अर्थपूर्ण काम करतो" असं प्रोफाइलवर टाकलंत तर लोक गालात हसतील. गंमत म्हणजे नकारात हाच शब्द अस्सल वाटतो, "ह्यात आता काही अर्थ राहिला नाही" हे कोणीही बोलतं. होकारात "ह्या कामाला अर्थ आहे" म्हणा, बास.

"निष्ठा" चांगला शब्द, त्यात संस्कृत स्था धातू आहे, म्हणजे टिकून उभं राहणं. पण "निष्ठावंत" राजकारणाने पळवला, आता तो फक्त पक्ष न बदललेला कार्यकर्ता असतो.

मला विचाराल तर माझं मत "इमान"ला. हा मूळ अरबी शब्द, तिकडे ईमान म्हणजे थेट धार्मिक श्रद्धा, ईश्वरावरचा विश्वास. फारसीतून मराठीत आला आणि इथे त्याने देवाचा नाद सोडला, "देवाशी इमान" असं सहसा कोणी बोलत नाही, देवावर श्रद्धा असते नाहीतर भाव असतो, इमान मात्र धन्याशी, मित्राशी, दिलेल्या शब्दाशी आणि कामाशी. म्हणजे तुम्ही जो शब्द शोधताय, श्रद्धा रोजच्या कामात उतरली असं सांगणारा, तो भाषेने आधीच करून ठेवलाय.

आता प्रत्यय बघा. श्रद्धा कशा"वर" तरी असते, ती ठेवून माणूस हातावर हात धरून बसू शकतो. इमान कशा"शी" तरी असतं, मैत्री, भांडण, लग्न सगळं "शी"नेच होतं ना, तिथे दोन बाजू लागतात आणि नुसतं ठेवून भागत नाही, ते राखावं लागतं, त्याला जागावं लागतं. म्हणून "कामावर इमान" कानाला खटकतं.

"इमानेइतबारे" पण ह्यातलाच, इतबार म्हणजे भरवसा, तोही अरबी, आणि दोन्हीकडचा ए म्हणजे जुनी तृतीया, इमानाने आणि इतबाराने. मी तो असा वाचतो की इमान काम करणाऱ्याचं आणि इतबार बघणाऱ्याचा, अर्थात हे माझं वाचन, कोशातलं नाही.

जाता जाता, असाच रोजच्या कामात उतरलेला आणखी एक शब्द हवा असेल तर "व्यवसाय" घ्या. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात "व्यवसायात्मिका बुद्धिः" येतं तिथे व्यवसाय म्हणजे ठाम निश्चय, धंद्याशी काही संबंध नाही, आणि आज फॉर्मवर "व्यवसाय" ह्या रकान्यात आपण नोकरी लिहून मोकळे होतो.