‘मव्हं काय, चुलीपुढंच गेलं’

सत्तरीपुढच्या बायकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्या खुर्चीत टेकायच्या आधीच ओळखू येतं.

बीड जिल्ह्यातल्या या आजींचं जेवण तुटलं होतं. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून लेक समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली. जन्मसाल विचारलं. “रझाकाराच्या साली माय मला पोटात घिऊन जोंधळ्यात लपली व्हती.” म्हणजे १९४८.

मी कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे मराठवाड्याची सालं लिहिली : १७ सप्टेंबर १९४८ची मुक्ती, १ मे १९६०, बहात्तरचा दुष्काळ, १९७६चा जायकवाडी धरणाचा नाथसागर. उजवीकडे त्यांचं आयुष्य. तीन भेटींत तिथे दोनच शब्द आले, लगीन आणि लेकरं.

चौथ्या भेटीत विचारलं, “आजी, बहात्तरला कुठं होता?”

“कुठं असणार? तळ्यावर. पाझर तलावाचं काम निघालं व्हतं. थोरलं पोरगं बाभळीला झोळीत, अन् मी भरावावर टोपल्या टाकायची. सुकडी भेटायची, ती पोराला.”

“तलाव आहे अजून?”

“हाय की! अवंदा बी भरला.” त्यांनी डावा अंगठा पुढे केला. नखाखाली दगडाची जुनी खूण होती. मी सांगितलं, अशाच कामांतून महाराष्ट्राचा १९७७चा रोजगार हमी कायदा आला आणि २००५ साली देशाचा. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही मधी कामून वढली?”

इतक्या वर्षांच्या कामात याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. इतिहास एका बाजूला आणि बाई दुसऱ्या बाजूला, ही वाटणी मीच केली होती. त्या दिवसापासून मी ती रेघ ओढत नाही.

म्हातारपणाचं मोठं काम म्हणजे जगलेलं आयुष्य आपलं म्हणून मान्य करणं, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन मांडतात. मी ते मनापासून मानते. पण हे समजूत घालून होत नाही. “असं काय म्हणतेस, आम्हाला वाढवलंस ना,” असं लेकरं प्रेमानंच म्हणतात, आणि बोलणं तिथंच थांबतं. त्यापेक्षा विचारा : किल्लारीचा भूकंप झाला, त्या पहाटे तू कुठं होतीस? बहात्तरला घरात काय शिजायचं? साल विचारू नका, खूण विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका. जेवण किंवा झोप तुटली असेल तर मात्र आधी डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या भेटीला लेक एकटीच आली. आजी नातवाला घेऊन तळ्याच्या भरावावर गेल्या होत्या म्हणे. घरी आल्यावर आपणहून भाकरी मागितली.