मूर्ती घरात नसली तरी

प्रश्न : बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या ११५व्या स्तोत्रात, मूर्ती घडविणारे व त्यांच्यावर भाव ठेवणारे त्यांच्यासारखेच होतील, असे म्हटले आहे. याचा माणसाच्या स्वभावाशी नेमका काय संबंध? शिवाय आमच्या ख्रिस्ती घरात मूर्ती नाही. मग हे वचन आम्हाला लागू आहे, की केवळ आमच्या शेजाऱ्यांना?
– एक वाचक, पुणे कॅम्प

उत्तर : तोंड असून बोलता येत नाही, डोळे असून दिसत नाही, कान असून ऐकू येत नाही, अशी मूर्तीची एकेक उणीव स्तोत्रकर्ता सांगतो आणि शेवटी तीच अवस्था पूजकाची होईल असे म्हणतो. माणूस ज्याच्यावर सर्वस्वाने विसंबतो त्याचे गुण त्याच्यात उतरतात, आणि ते विसंबणे निर्जीवावर असेल तर दुसऱ्याचे दुःख जाणण्याची शक्तीच प्रथम बधिर होते, असा याचा रोख आहे.

बायबलमधील ‘पहिला राजे’ या पुस्तकाच्या अध्याय २१ मध्ये हे घडताना दिसते. शोमरोनात बआल या परक्या देवाचे मंदिर बांधणाऱ्या, इस्राएलाच्या अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ वडिलोपार्जित वतन देईना, तेव्हा राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला व जेवेना. मग त्याची राणी ईजबेल हिने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करविली, आणि तो मेल्याचे कळताच अहाब उठून मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. नाबोथ कसा मेला, हे त्याने विचारल्याचा उल्लेखही नाही. (पुण्याभोवतीच्या जमिनींचे व्यवहार जवळून पाहिलेल्यांना ही कथा फार जुनी वाटणार नाही.) याच अध्यायात लेखक अहाबाच्या दुष्कृत्यांबरोबर त्याच्या मूर्तिपूजेचा उल्लेख करतो, आणि एलीया संदेष्ट्याने दोष पदरात घातल्यावर राजा नमला, हेही लिहितो. म्हणजे आलेला बधिरपणा कायमचाच असतो असे नाही.

आता आपल्या घरांविषयी. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात इस्राएलाच्या वडील जनांनी मूर्ती आपल्या हृदयात ठेवल्या आहेत, असा आरोप आहे. प्रेषित पौलही लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो, आणि तेही कलस्सै येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिताना. ज्या घराचा सगळा भरवसा मुलाच्या गुणपत्रिकेवर आहे, त्या घरात मुलगा काय सांगतो आहे हे ऐकायला कुणाला कान उरत नाहीत, आणि तो मुलगाही पुढे माणसांना गुणांनीच मोजू लागतो. अशा घरातील भिंतीवर क्रूस असला तरी ११५वे स्तोत्र त्यालाही उद्देशून आहे.

शेजाऱ्यांचा निवाडा करण्यासाठी हे वचन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अथेन्समध्ये मूर्ती पाहून पौलाचा आत्मा खवळला होता, तरीही अरीयपग या सभास्थानी बोलताना त्याने तेथील लोकांची धर्मशीलता मान्य केली व त्यांच्याच कवींचे शब्द आधाराला घेतले. आणि हे स्तोत्र तर यहुदी कुटुंबे वल्हांडण सणाच्या भोजनानंतर, परक्या कुणाला ऐकविण्यासाठी नव्हे तर आपापसात, गात आली आहेत.