असममित उत्प्रेरणातील पेपर आणि जर्मनीतील पोस्टडॉक

तुमचा प्रश्न असा आहे की, असममित ऑर्गॅनोकॅटॅलिसिसमधील (लहान सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरून रेणूच्या दोन प्रतिबिंबी रूपांपैकी मुख्यतः एकच घडवण्यातील) पीएच.डी. संपत आली आहे, चार पेपर प्रसिद्ध झाले असून त्यांपैकी दोनच पहिल्या नावाने आहेत. तेव्हा जर्मनीत पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी) आताच अर्ज करावा, की आणखी एक-दोन पेपर हाती येईपर्यंत वर्षभर थांबावे. मी याच शाखेत काम करत जर्मनीत स्थायिक झालो आहे आणि पोस्टडॉकसाठी येणारे अर्जही वाचतो. केवळ संख्या वाढवण्यासाठी थांबू नये, असे माझे मत आहे.

तुमचा अर्ज प्रथम वाचणारा प्राध्यापक बहुधा याच क्षेत्रातला असतो आणि तो पेपर मोजण्याऐवजी एखाद्या पेपरची सपोर्टिंग इन्फर्मेशनची, म्हणजे प्रयोगांच्या तपशिलांची, फाईल उघडतो. रेसेमिक (दोन्ही प्रतिबिंबी रूपे सारख्याच प्रमाणात असलेल्या) नमुन्याची दोन्ही शिखरे कायरल कॉलमवर (ही रूपे वेगळी करणाऱ्या नळीवर) स्वच्छ वेगळी झाली आहेत का, दिलेला ईई (एका प्रतिबिंबी रूपाचे दुसऱ्यापेक्षा टक्क्यांतले आधिक्य) स्फटिकीकरणापूर्वीचा आहे की नंतरचा, निरपेक्ष विन्यास (रेणूतील अणूंची प्रत्यक्ष त्रिमितीय मांडणी) क्ष-किरणांनी ठरवला आहे की जुन्या उदाहरणावरून गृहीत धरला आहे, अभिक्रिया मिलिग्रॅमच्या पलीकडे करून पाहिली आहे का, हे त्याला तिथे दिसते. ९८ टक्के ईई म्हणजे दोन प्रतिबिंबी रूपांचे ९९:१ हे प्रमाण. सामान्य तापमानाला त्यामागे ही दोन रूपे घडवणाऱ्या संक्रमण अवस्थांच्या ऊर्जेतला जेमतेम २.७ किलोकॅलरी प्रति मोल इतका फरक असतो. एवढ्या लहान फरकाचे स्पष्टीकरण कागदावर सुबक चित्र काढून होत नाही. म्हणून ज्या पेपरात गतिकीचा (अभिक्रियेच्या वेगाचा) अभ्यास, नॉनलिनिअर इफेक्टची (उत्प्रेरकाचा आणि उत्पादाचा ईई सरळ प्रमाणात राहतात का याची) तपासणी किंवा गणनेचा आधार आहे, तो अर्जात पुढे ठेवावा, मग तो कमी नावाजलेल्या नियतकालिकातला असला तरी चालेल.

नावीन्याचा निकषही आता कडक झाला आहे. बेंजामिन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रोलिन या अमिनो आम्लावरचे काम आणि डेव्हिड मॅकमिलन यांचे डील्स-आल्डर अभिक्रियेवरचे काम २००० साली आले, आकियामा आणि तेरादा यांची कायरल फॉस्फोरिक आम्ले २००४ मध्ये आली, आणि २०२१ चे नोबेल लिस्ट व मॅकमिलन यांना मिळाले. (प्रोलिनने घडणारी असममित आल्डॉल अभिक्रिया दोन औषध कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच केली होती, तिच्यामागचे सर्वसाधारण तत्त्व मात्र पुढे पाव शतक कोणी फारसे उचलले नाही.) त्यामुळे ओळखीच्या उत्प्रेरकावर नव्या सबस्ट्रेटांचा (ज्यांवर अभिक्रिया होते त्या संयुगांचा) आणखी एक तक्ता जोडण्यात तुमचे वर्ष गेले, तर त्या पाचव्या पेपरने अर्जात फारशी भर पडणार नाही. उत्प्रेरकाचे प्रमाण १० मोल टक्क्यांवरून १ वर आणता आले, किंवा न चालणारे सबस्ट्रेट का चालत नाहीत हे दाखवता आले, तर गोष्ट वेगळी.

थांबण्याची किंमतही मोजावी लागते. जर्मनीतील हुम्बोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी पीएच.डी. होऊन चार वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी फेलोशिपला पीएच.डी.नंतर आठ वर्षांच्या संशोधन-अनुभवाची मर्यादा आहे आणि ज्या देशात जायचे तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे, अशी अट आहे. म्हणजे एखाद्या प्रकल्पावरच्या नोकरीने जर्मनीत येऊन वर्षापेक्षा अधिक काळ राहिलात, की त्याच देशासाठी हा दुसरा मार्ग बंद होतो. हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते. तेव्हा क्रम आधी ठरवावा. व्हिसाचा भाग त्या मानाने सोपा आहे, कारण संस्थेशी झालेल्या यजमान-कराराच्या आधारे संशोधकांसाठी स्वतंत्र निवास-परवाना मिळतो.

अर्ज लिहिताना प्रत्येक पेपरखाली दोनच वाक्ये लिहावीत: प्रश्न कोणता होता आणि त्यात तुमचे स्वतःचे काय होते. ज्या दोन पेपरांत तुमचे नाव मागे आहे तिथे हे विशेष महत्त्वाचे. उत्प्रेरक तुम्ही बनवला असेल किंवा एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची) पद्धत तुम्ही बसवली असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. अजून प्रसिद्ध न झालेले काम गाईडच्या संमतीने केमआरकाईव्ह या रसायनशास्त्राच्या प्रीप्रिंट संकेतस्थळावर ठेवता येते. गाईडच्या शिफारसपत्रातही, मेहनती आणि हुशार या विशेषणांऐवजी, कोणती कल्पना तुमची होती आणि कोणते प्रयोग तुम्ही आखले एवढे नेमके लिहून मागावे.